भरल्या गाडीची तक्रार

माझं काम माफी मागायचं. पद ऐकायला मोठं आहे, 'ग्राहक संबंध अधिकारी', पण ओशिवऱ्याच्या आमच्या शोरूममध्ये बसून मी दिवसभर करते ते एवढंच. कुणाचा एसी गार होत नाही, कुणाच्या दारावर ओरखडा आहे, कुणी निळी गाडी सांगितली आणि राखाडी आली. मी म्हणते, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' नवरा म्हणतो, यातली थोडी दिलगिरी घरीही आणत जा. मी त्याला सांगितलंय, शोरूममध्ये मला तिचा पगार मिळतो.

तर सगुणामावशींची तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा वर्कशॉपच्या लेखी ती आधीच दोन-तीनदा निकालात निघालेली होती. निघायची आणि परत उघडायची. मावशी वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. बंदरावर मासळी घ्यायची आणि अंधेरीच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा सासूपासून चालत आलेला धंदा. त्यासाठी त्यांनी आमच्याकडून मालाची छोटी बंद व्हॅन घेतली होती. चालवायची त्यांची मुलगी कल्पिता. तक्रार एका ओळीची होती, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते.

प्रत्येक वेळी गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आली. प्रत्येक वेळी ती लिफ्टवर चढली, चाकं खोलली गेली, लिंक रोडवर फेरी झाली, आणि गाडी सुतासारखी सरळ थांबली. वर्कशॉपचा प्रमुख श्रेयस. मुलगा हुशार, इंजिनिअर, कामाला वाघ, फक्त 'मला कळलं नाही' हे तीन शब्द त्याला कॉलेजात कुणी शिकवले नव्हते. त्याने शेवटच्या उत्तरात लिहून टाकलं, 'वाहनात कोणताही दोष आढळला नाही. चालकाच्या वाहन चालवण्याच्या सवयीमुळे असे घडत असावे.'

या दुसऱ्या वाक्यावर मावशी अडून बसल्या होत्या.

आमच्या मूळ कंपनीची पद्धत अशी, की तक्रार बंद करायची तर ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो ग्राहकाने स्वतःहून सांगितला तरच तक्रार बंद. नाहीतर ती आमच्या नावापुढे लाल दिसत राहते आणि मुख्य कार्यालयातून रोज फोन येतात. मी मावशींना फोन करायची. त्या शांतपणे विचारायच्या, "ओल काढली काय?"

"मावशी, ती ओळ म्हणजे फक्त तांत्रिक—"

"मग ओटीपी नाय," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. त्या दिवशी आमच्याकडे नव्या गाड्या न्यायला झुंबड असते, आणि मुख्य कार्यालयातून कुणी साहेब बघायला येणार अशी हवा होती. आमचे मालक सामंतसाहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गंधाली, मिठाईचा डबा घे, वेसाव्याला जा, बाईंशी गोड बोल आणि ओटीपी घेऊन ये. ते लाल काढ माझ्या डोळ्यांपुढून."

मी पार्ल्यात वाढलेली. गोड बोलण्याचं शिक्षण आमच्याकडे यथातथाच. पण डबा घेऊन गेले.

मावशींचं घर बंदराला लागूनच. दारात कोळंबी सोलत एक मुलगी बसली होती, चोविसेक वर्षांची, मान खाली. मी कुठून आले ते सांगितलं तशी ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून परत कोळंबीकडे बसली. तीच कल्पिता. ती गाडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलल्या त्या मावशी.

झालं होतं ते असं. यारी रोडवर एका वळणाआधी कल्पिताने ब्रेक मारला, गाडी डावीकडे गेली आणि एका शहाळेवाल्याच्या हातगाडीला धडकली. शहाळी रस्ताभर झाली. शहाळेवाला पडला, गुडघा फुटला, त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो कोळीवाड्यातल्या प्रत्येक फोनवर होता. तरी मावशी पोरीच्या पाठीशी उभ्या होत्या. दोष गाडीत आहे, म्हणून तर तक्रार केली. मग आमचं उत्तर आलं. कल्पिताच्या काकांनी ते चार माणसांत मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, बघा, कंपनीच बोलते, पोरीला गाडी येत नाय. त्याच दिवशी चावी काकांच्या मुलाकडे, पिंटूकडे गेली.

"आणि पिंटू चालवतो तर काय होत नाय," मावशी म्हणाल्या. "म्हणून सगली बोलतात, गाडी चांगली, पोरगी वाईट. पण मी मागं टोपल्यांजवल बसते ना, मला कलतं. पिंटूच्या हातात पण ती ओढते."

"आई, पुरे," कल्पिता पहिल्यांदाच बोलली. "देऊन टाक तो ओटीपी. माझीच चूक हाय."

मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "पैसं नको. नवी गाडी नको. तुमी लिवलंत, तुमीच खोडा. आणि तुला ओटीपी पायजे तर उद्या सकाली माज्या गाडीत बस."

मिठाईचा डबा त्यांनी घेतला नाही. परत देताना मात्र त्यात सुक्या बोंबलांची पुडी ठेवली, रिकाम्या हाती कुणाला पाठवत नाहीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेले. का गेले? ओटीपीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या मुलीचं 'माझीच चूक हाय' मला रात्रभर टोचत होतं. इतक्या सरळ आवाजात माणूस स्वतःबद्दल वाईट बोलतं तेव्हा मला राग येतो, आणि राग आला की मला घरी बसवत नाही.

गाडी भरली जात होती. खाली बर्फ, त्यावर बांगडे, बोंबील, कोळंबी, परत बर्फ. गाडी मागून बसत बसत चांगलीच खाली गेली. मी पुढे बसले, पिंटू चालवायला, मावशी मागे. पिंटू अबोल मुलगा, एका हाताने मोबाइलवर गाणं लावायचा आणि दुसरा हात स्टिअरिंगवर. सात बंगल्याच्या सिग्नलला त्याने ब्रेक मारला आणि माझा खांदा काडकन दारावर आदळला. गाडी सरळ थांबली होती, पण ती सरळ राहावी म्हणून पिंटूने केवढा हिसका दिला ते मी शेजारी बसून अनुभवलं.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"सिग्नल," पिंटू म्हणाला.

मागून मावशी ओरडल्या, "कललं काय?"

कळलं होतं. खांदा चांगला ठणकत होता. पण एक कोडं होतं. ही गाडी इतकी ओढते, तर आमच्याकडे येऊन ती शहाण्यासारखी कशी वागते? बाजारात उतरल्यावर मी सहज विचारलं, "मावशी, वर्कशॉपमध्ये आणताना टोपल्या काढून आणता?"

मावशींना तो अपमान वाटला. "म्हणजे काय? आदल्या दिवशी सगला माल उतरवते, गाडी धुते, लिंबू चोलते, अगरबत्ती फिरवते, मग नेते. मासलीची गाडी तशीच कोणाच्या दारात उभी करतात काय गो? लोकं काय बोलतील, कोलणीला रीत नाय?"

मी तिथेच थांबले. आमच्या गेटवर एक पाटी आहे. मी रोज तिच्याखालून जाते. 'मासळी वाहतुकीची वाहने स्वच्छ धुऊन व रिकामी करून आणावीत.' म्हणजे आम्ही नाक धरून सांगत होतो आणि मावशी अब्रू राखून ऐकत होत्या. रोज बंदर ते बाजार धावणारी ती गाडी आमच्यातल्या कुणी कधी पाहिलीच नव्हती. आमच्याकडे येत होती ती न्हाऊनमाखून, पोट रिकामं करून, पाहुणी म्हणून.

मी तडक श्रेयसकडे गेले. "ती वेसाव्याची गाडी भरून चालवून पाहिलीस कधी?"

"लोड टेस्ट केलीय मॅडम."

"कशाने?"

तो जरा घुटमळला. "दोन पोरं मागे बसवली होती."

"अरे, ती दोन पोरं मासळी आणि बर्फाएवढी जड आहेत का?"

"मग काय करू? साहेबांना गेटच्या आत मासळी चालत नाही. विटा भरायच्या तर अक्षय्य तृतीया होऊ द्या, आत्ता डिलिव्हरीच्या गाड्यांनी श्वास घ्यायला जागा नाही. आणि मॅडम, खरं सांगू? ब्रेक उत्तम आहेत. मी स्वतः पाहिलेत."

सामंतसाहेबांकडे गेले. ते रविवारी सुरमईचं कालवण ओरपून सोमवारी त्याचं वर्णन ऑफिसभर करणारे गृहस्थ. मी म्हटलं, "साहेब, एक दिवस ती गाडी भरलेली आत घेऊ."

"वेडी आहेस का? घरचं वेगळं, शोरूमचं वेगळं. वीस लाखांची गाडी घ्यायला आलेला माणूस बोंबलाच्या वासात उभा राहील? तू ओटीपी आणलास का?"

"नाही."

"मग तो आण. बाकीचं श्रेयस बघेल."

श्रेयस बघणार नव्हता. तो आधीच पाहून बसला होता. मी केबिनबाहेर आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. मावशींना फोन लावला.

"मावशी, अक्षय्य तृतीयेला सकाळी बंदरावरून थेट आमच्याकडे या. गाडी भरलेलीच आणा."

मग मावशी म्हणाल्या, "धुऊ नको?"

"धुऊ नका."

"सणाच्या दिवशी? तुज्या साहेबाच्या दारात?" इतके दिवस आम्हाला दाद न देणारी ती बाई पहिल्यांदाच चाचरली. "मला लाज वाटंल गो."

"माझ्या दारात आलात असं समजा. लाज वाटायची असेल तर ती आम्हाला वाटेल. आणि कल्पितालाही आणा."

"ती नाय यायची."

"आणा, मावशी."

तोच दिवस तुम्ही मुद्दाम निवडलात, असं श्रेयस अजून म्हणतो. अर्थात मुद्दाम निवडला. रोजच्या दिवशी वॉचमनने ती गाडी कोपऱ्यावरूनच परत पाठवली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

सणाच्या सकाळी शोरूम लग्नघरासारखं दिसत होतं. गेटात रांगोळी, दाराला झेंडूची तोरणं, नव्या गाड्यांवर लाल सॅटीनचे पडदे, नारळ, पेढे, जरीच्या साड्या. सामंतसाहेब कोटात. श्रेयसही कोटात, कारण त्या दिवशी वर्कशॉपवाल्यांनाही लोकांसमोर उभं करतात. आणि लिंक रोडवरून वळून ती पांढरी व्हॅन आली, मागून बसलेली, दारांच्या फटीतून बर्फाचं पाणी गाळत.

वॉचमन धावला. मी त्याच्याही आधी धावले. "येऊ दे. माझं नाव सांग."

पिंटूने गाडी गेटात आणली. मावशी उतरल्या आणि मी बघतच राहिले. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. गाडी धुवायला मी मनाई केली होती, म्हणून त्या स्वतः नटून आल्या होत्या. कल्पिता मागे टोपल्यांशेजारी बसली होती. ती उतरली नाही.

पाण्याचा एक ओघळ रांगोळीकडे निघाला. सामंतसाहेब आले, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, दात आवळून मला म्हणाले, "हे काय आहे?"

"टेस्ट ड्राइव्ह, साहेब."

"आत्ता?"

"ग्राहकाला आत्ता सोयीचं आहे."

मावशींनी नमस्कार केला. "साहेब, तुमच्या या इंजिनिअरला एकदा चालवू द्या. सरल थांबली तर मी ओटीपी देते आणि जाते. परत तोंड दाखवत नाय."

साहेबांनी गेटात जमलेल्या माणसांकडे पाहिलं, मग श्रेयसला मानेने खूण केली. गाडी लवकरात लवकर गेटातून हलावी एवढीच त्यांची इच्छा होती. श्रेयस नाराजीने बसला. शेजारी मी चढले. मागच्या गल्लीत वळल्यावर त्याने वेग घेतला आणि ब्रेक मारला. गाडी डावीकडे अशी गेली की फुटपाथच्या कडेला चाक घासलं. मागे टोपल्या सरकल्या, कल्पिताच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

श्रेयसने गाडी मागे घेतली. मग परत चालवली, परत ब्रेक. परत डावीकडे. तिसऱ्यांदा करायला तो धजला नाही.

गेटात परत आलो. साहेब म्हणाले, "वर्कशॉपमध्ये ने आणि लिफ्टवर घे."

"नको," श्रेयस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "उचलली की चाकं लोंबकळतात. जे काय आहे ते पुन्हा लपेल. मी दरवेळी उचलूनच पाहिलंय." आणि तो सरळ जमिनीवर आडवा झाला. नव्या कोटासकट, रांगोळीशेजारी, मासळीच्या पाण्यात. मोबाइलचा दिवा लावून गाडीखाली शिरला. मला त्याचा इतके दिवस राग येत होता. त्या क्षणी तो बराचसा उतरला, हे कबूल करते.

तो बाहेर आला तेव्हा केसांना खवले चिकटले होते. "मागच्या उजव्या चाकाला ब्रेकचं तेल नेणारी रबरी नळी आहे," तो मावशींना सांगू लागला, साहेबांना नाही. "ती चुकीच्या खाचेत बसवलीय. गाडी रिकामी असली की मोकळी राहते. भरली की मागची बाजू खाली बसते आणि नळी चिमटते. उजव्या चाकाला ब्रेकच लागत नाही, म्हणून सगळी गाडी डावीकडे जाते." मग म्हणाला, "नळी आम्हीच बसवलीय. पहिल्या सर्व्हिसिंगला."

"ठीक आहे," साहेब घाईने म्हणाले. "आत्ताच्या आत्ता नीट करून द्या, एक पैसा घेऊ नका. बाई, झालं तुमचं समाधान?"

"नाय झालं," मावशी म्हणाल्या. "ती ओल."

"अहो, आता सगळ्यांसमोर सांगितलं ना त्याने?"

"वाईट बोललात ते कागदावर. चांगलं तेवडं तोंडी?"

"उद्या पाठवतो लिहून. आज सण आहे, माणसं खोळंबलीत."

"मी पण खोलंबलेय." मावशींनी एक रिकामी टोपली उपडी घातली आणि त्या गेटात बसल्या. हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा, आणि मांडीवर हात. बाजाराची वेळ टळत होती, बर्फ वितळत होता, पोटाचा धंदा त्यांच्या डोळ्यांपुढे पाणी होऊन वाहत होता, आणि बाई हलायला तयार नव्हती.

आणि मग साहेबांच्या वासाच्या सिद्धान्ताची वाट लागली. नवी गाडी न्यायला आलेल्या एक बाई, पैठणी सावरत, व्हॅनजवळ गेल्या. "अय्या, कोळंबी काय ताजी आहे! कशी दिलीत हो?" त्यांच्या मागून त्यांचे यजमान, मग आणखी दोघंतिघं. बोरीवलीचे एक गृहस्थ हातातला पेढा तसाच धरून बांगड्यांवर वाकले.

मावशींनी हात जोडले. "आज विकायला नाय आले, बाय. आज पोरीसाठी आले."

कोळीण भरल्या टोपल्यांपाशी बसून गिऱ्हाईकाला नाही म्हणते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पैठणीवाल्या बाईंनी विचारलं, पोरीला काय झालं? मावशींनी सांगितलं. थोडक्यात, पण मोठ्याने. ऐकून त्या बाई सामंतसाहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "द्या की हो लिहून. आम्हीही इथूनच गाडी घेतोय."

मी उत्तराची वाट पाहिली नाही. आत गेले, टाइप केलं, छापलं. माझी नेहमीची दिलगिरी त्यात नव्हती. 'वाहनातील दोष आमच्या वर्कशॉपच्या चुकीमुळे निर्माण झाला होता. श्रीमती कल्पिता यांच्या वाहन चालवण्यात कोणतीही चूक नव्हती. याआधीच्या उत्तरातील त्याबाबतचे विधान आम्ही मागे घेत आहोत.' साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पेन शोधायला मुद्दाम वेळ लावला. मी माझं पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. मावशींच्या फोनवरचा ओटीपी केव्हाच जुना झाला होता. मी नवा मागवला, त्यांनी आकडे मोठ्याने वाचले आणि आमच्या नावापुढचं लाल गेलं.

"आता तिला वाचून दाखव," मावशी म्हणाल्या.

मी व्हॅनच्या मागच्या दाराशी उभी राहून वाचलं. श्रेयस खाली आडवा होऊन नळी नीट बसवत होता, त्याचे पाय बाहेर दिसत होते. कल्पिताने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"कागद ठीक हाय, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पिंटूच्या हातात तीच गाडी नीट चालते. तीच नली, तेच ब्रेक. मग माझ्यातच काय तरी कमी असेल ना?"

कागद सगळा खरा होता आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

श्रेयस गाडीखालून बाहेर आला, हात पुसत पिंटूला म्हणाला, "पण कमाल आहे तुझी. रोज भरलेली चालवतोस आणि कुठे ठोकली कशी नाहीस?"

पिंटूला कौतुक वाटलं असावं. "त्यात काय? मला माहीत होतं ना ओढते ते. ब्रेकच्या आधीच हात उजवीकडे खेचून ठेवायचा. पहिल्या दिवशीच कललं मला."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. मावशी टोपलीवरून उठल्या. पण त्यांच्या आधी कल्पिता गाडीतून खाली उतरली होती.

"तुला माहीत होतं?"

पिंटू रांगोळीकडे बघायला लागला.

"पहिल्या दिवसापासून? काका सगल्यांसमोर वाचत होते तेव्हा तू तिथं उभा होतास. मी रडत होते तेव्हा तू चहा पीत होतास. आणि तुला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं?" पिंटू पुटपुटला. "चावी बाबांनी दिली, मी काय मागितली नव्हती."

मला वाटलं, ही आता त्याच्या कानाखाली देणार. दिली असती तर मी दुसरीकडे पाहिलं असतं. पण तिने नुसता हात पुढे केला.

"चावी."

पिंटूने आईकडे बघावं तसं मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "माज्याकडं काय बघतोस? ती मागते."

चावी तिच्या हातात पडली. ती चालकाच्या जागेवर चढली, पिंटूने मागे नेलेली सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला आणले. दुरुस्तीनंतर आमचा माणूस बरोबर पाहिजे असा नियम आहे, म्हणून श्रेयस शेजारी बसला, ओल्या कोटात. मावशी आणि मी मागे टोपल्यांत. पिंटू गेटातच राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

गल्लीत वळल्यावर तिने वेग घेतला. मी टोपलीची कडा घट्ट धरली. समोर तिचा उजवा हात दिसत होता. तो कुठे खेचलेला नव्हता, सरळ होता. तिने ब्रेक मारला. बर्फाचं पाणी माझ्या चपलांवरून पुढे धावलं आणि गाडी होती तिथे, सरळ, थांबली.

मग कल्पिताने विचारलं, "परत मारू?"

"व्यवस्थित आहे आता," श्रेयस म्हणाला. "परत कशाला—"

"मार गो," मावशी म्हणाल्या. "तुला पायजे तेवडे मार."

तिने मारले. गल्लीच्या टोकापर्यंत मारत गेली, थांबत, निघत, परत थांबत. दरवेळी गाडी सरळ. दरवेळी बांगडे टोपलीत पुढे सरकायचे आणि मागे यायचे. कल्पिताच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. माझेही डोळे भरले. मी ते बोंबलांच्या वासावर ढकललं असतं, पण कुणी विचारलं नाही.

गल्लीच्या टोकाला शोरूमसाठी डावीकडे वळायचं होतं. तिने उजवीकडचा दिवा लावला.

"अहो मॅडम, शोरूम तिकडे राहिलं," श्रेयस म्हणाला. "मला डिलिव्हऱ्या आहेत. साहेब वाट बघतायत."

"बघू दे," कल्पिता म्हणाली आणि गाडी अंधेरीच्या रस्त्याला लावली. "आधी बाजार."